दोन्ही एकाच जागी

हितेंद्रला राग लवकर यायचा आणि मार त्याहून लवकर बसायचा. एरंडोलच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तो कारकून होता. परवा दारासमोर आडवी लावलेल्या मोटरसायकलवरून त्याने शेजाऱ्याला दोन शब्द सुनावले आणि फाटका शर्ट घेऊन घरात आला.

"एक तर राग तरी सोडा, नाही तर हात तरी चालवायला शिका," बटणं गोळा करत त्याची बायको नूतन म्हणाली.

हितेंद्रने ते मनावर घेतलं. राग जावा म्हणून बुद्धाचा धम्म शिकायचा, आणि नाहीच गेला तर हाताशी कराटे असावं. दोन्ही एकाच जागी मिळालं पाहिजे, म्हणजे एका पायरीवर पाय घसरला तर दुसरी जवळच असेल.

जळगावला एका कराटेच्या सरांना त्याने विचारलं. ते म्हणाले, "बुद्धाचा फोटो लावू की भिंतीवर." एका विहारातल्या भंतेजींनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारायचं ठरवूनच शांत व्हायला आलात का?" हितेंद्र वरमला, पण हटला नाही. शेवटी जिनिंगमधल्या चुडामणने पत्ता दिला. धुळ्याला एका समाजमंदिरात वरच्या मजल्यावर निवृत्त शिक्षिका सुमनबाई धम्मवर्ग घेतात आणि खाली ललित सर कराटे शिकवतात.

पहाटेची एसटी धरून हितेंद्र धुळ्याला गेला. जागा अगदी मनासारखी होती. अडचण एकच, दोन्ही वर्ग रविवारी सकाळी सातलाच भरायचे.

वर जाऊन त्याने वेळ बदलता येईल का ते विचारलं. सुमनबाई म्हणाल्या, "एवढ्या लांबून शिकायला येताय, मग आम्हीच वर्ग दुपारी चारला घेतो." बाई इतक्या पटकन मानतील असं वाटलं नव्हतं, म्हणून त्याने आधीच खाली ललित सरांनाही गळ घालून ठेवली होती. त्यांनीही वर्ग चारलाच नेल्याचा फोन त्याला बसस्टँडवर आला.

हे कळल्यावर हितेंद्रने तिथूनच दोघांना फोन करून आपापला वर्ग मूळ वेळेवर न्यायची विनंती केली. दोघंही भली माणसं. दोघांनीही वर्ग पुन्हा सातला आणले आणि तसे निरोप धाडले. राहिला फक्त वॉचमन तोताराम. त्याला चारचाच निरोप होता, म्हणून तो किल्ली खिशात घालून अमळनेरला लग्नाला गेला.

पुढच्या रविवारी सातला समाजमंदिराच्या कुलूपबंद दारासमोर पोरं, पालक, पांढऱ्या साडीतल्या आज्या आणि दोन्ही शिक्षक उभे होते. नवा पांढरा पोशाख घालून हितेंद्रही आला.

"टाइम बदलनारा हाऊच शे का?" हिलाल नावाचा दांडगा पालक पुढे आला. "मना पोऱ्या सकायपासून उपाशी शे."

त्याने हितेंद्रची कॉलर धरली. हितेंद्रच्या कानशिलात रक्त चढलं. तोंडाशी आलेले दोन शब्द बाहेर पडणार, तोच मागून सुमनबाई हळूच म्हणाल्या, "श्वासाकडे बघा."

त्याने डोळे अर्धे मिटले. श्वास आत गेला, बाहेर आला. पळावंसं वाटत होतं, तरी पाय तिथेच रोवून ठेवले. अंगात कराटेचा पोशाख, चेहरा दगडासारखा. हिलालचा हात आपोआप सैल झाला.

"सर, तुमी कोनत्या बेल्टचे?" त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"कालच घेतला," हितेंद्र खरं ते बोलला.

"पप्पा, पांढरा पट्टा शे," हिलालचा पोरगा म्हणाला. "सगळ्यात खालचा."

हिलालने पोराकडे पाहिलं, मग हितेंद्रकडे. पण एकदा सोडलेली कॉलर पुन्हा धरायला माणसाला लाज वाटते.

तेवढ्यात ललित सरांनी चपला काढल्या. "बाई, अंगण तर उघडंच आहे. आधी तुम्ही घ्या, मग मी घेतो."

सगळे अंगणातच बसले. सुमनबाईंनी राग कुठून उठतो ते सांगितलं. त्यानंतर ललित सरांनी मूठ कशी वळायची ते दाखवलं. ती वळायला आज्याही उठल्या. हितेंद्रला सगळ्यांत शेवटी, पोरांच्या मागे जागा मिळाली. शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. पाहतो तर हिलाल.

"भाऊ, याच्यानी राग जास का?" त्याने मूठ वळत विचारलं.

"माहीत नाही," हितेंद्र म्हणाला. "पण अंगठा बाहेर ठेवा, नाही तर मोडतो."