सोयवाल्या कुमुदताई

कुमुदताई तुमच्या घरी पहिल्यांदा आल्या, तर पाणी मागायच्या आधी तुमचा गुडघा मोजतील. पर्समधून शिवणाची टेप निघते. बाई फतकल मारून खाली बसतात, टेपचं एक टोक तुमच्या टाचेशी धरतात, दुसरं गुडघ्यामागच्या खळीत, आणि वर न बघता विचारतात, "बसता कुठल्या खुर्चीत?" खुर्ची दाखवली की तिचंही माप. मग निकाल.

"गुडघा सतरा, खुर्ची चौदा. अहो, ही खुर्ची नाही, पाट आहे. उठताना 'आई गं' म्हणता ते वयामुळे नव्हे. माणूस बरोबर आहे, माप चुकलंय."

माझं लग्न झालं तेव्हा त्या नवी सून बघायला आमच्याकडे आल्या होत्या. बायको सव्वीस वर्षांची. तिचाही गुडघा मोजला. "आत्ता काही नाही," म्हणाल्या, "पण लिहून ठेवते."

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं शिवण शिकवलं. लग्न का नाही केलं, असं कुणी विचारलंच तर "माप जुळलं नाही" एवढंच उत्तर. मी तेव्हा हिंजवडीला नव्यानंच नोकरीला लागलो होतो, म्हणून मला त्या 'काँप्युटर' म्हणत. "अरे काँप्युटर, बल्ब बदलून दे." माझ्या शिक्षणाचा सोसायटीला झालेला तो पहिला उपयोग.

निवृत्त झाल्यावर बाई स्वस्थ बसतील असं वाटलं होतं. पण मध्येच त्यांच्या मुख्याध्यापिकांचं प्रकरण उद्भवलं. या मोठ्या बाईंचा शाळेत असा दरारा, की त्या व्हरांड्यातून गेल्या तर घंटासुद्धा हळू वाजायची. त्यांनी अचानक बाहेर जाणं सोडलं. कार्यक्रम नाही, भिशी नाही, कुणाचं लग्न नाही. "आता रस राहिला नाही," म्हणायच्या. सगळ्यांना वाटलं, विरक्ती आली. कुमुदताई भेटायला गेल्या आणि दहा मिनिटांत बाहेर येऊन म्हणाल्या, "विरक्ती कसली? बाईंना ब्लाउजचे हुक लावता येत नाहीत. बोटं आखडलीत. सुनेला सांगायची लाज वाटते."

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीतून वेल्क्रोची पट्टी आली. चार ब्लाउज उसवले गेले. वरून हुक दिसत होते, पण ते नुसते शोभेचे; काम सगळं आतल्या पट्टीचं. पुढच्याच आठवड्यात मोठ्या बाई शाळेच्या स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत बसून मुलींच्या नाचातल्या चुका काढत होत्या.

त्या संमेलनातून परत येताना कुमुदताईंनी ठरवलं, दुकान काढायचं. रस्त्याकडच्या खोलीला दार पाडलं. सोसायटीचे सेक्रेटरी नियम दाखवायला आले आणि जाताना आपल्या काठीला नवी रबरी टोपी बसवून घेऊन गेले. आत मांडणीवर जाड मुठीचे चमचे, लांब दांड्याचे कंगवे, न वाकता मोजे चढवायची पट्टी, खुर्चीच्या पायांखाली घालायचे लाकडी ठोकळे, नाडीऐवजी इलॅस्टिक लावलेले लेंगे. बाहेर पाटी: 'सोय. वृद्धांसाठी उपयुक्त वस्तू.'

दोन महिने चिटपाखरू फिरकलं नाही.

म्हणजे माणसं फिरकायची, पण समोरच्या फुटपाथवरून. त्या पाटीखालून आत शिरणं म्हणजे भर रस्त्यात वय जाहीर करणं. आणि कोथरूडमध्ये वृद्ध कोण होतं? प्रत्येकाच्या मते शेजारचा. कुमुदताई मला म्हणाल्या, "पाडव्यापर्यंत बघते. नाहीतर आहेच आपलं फॉल-पिको." बोलल्या हसत, पण त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून काहीच काम करून घेतलं नाही. मला काळजी वाटली.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते शेजारच्या इमारतीतले प्रधान. बँकेतून निवृत्त, टापटीप माणूस. तीन दिवस दुकानासमोर येरझाऱ्या घालून चौथ्या दिवशी आत आले. मी योगायोगानं तिथेच होतो.

"एका मित्रासाठी काठी हवी होती."

"मित्राला आणा."

"तो... जरा संकोची आहे."

"बरं. उंची केवढी मित्राची?"

"साधारण माझ्याएवढीच."

"वजन?"

"तेही माझ्याएवढंच म्हणा ना."

"गुडघा कुठला दुखतो?"

"डावा!" प्रधान इतक्या चटकन म्हणाले की त्यांचे तेच दचकले.

"मग मित्राला सांगा, काठी उजव्या हातात धरायची. दुखऱ्या बाजूला नाही. जरा चालून दाखवा बघू... मित्र कसा चालेल ते."

प्रधान मित्राच्या वतीनं दुकानात दोन फेऱ्या मारून आले. चेहरा उजळला. "त्याला बरं वाटेल," म्हणाले.

ते गेल्यावर कुमुदताईंनी मला शिडीवर चढवलं. 'वृद्धांसाठी उपयुक्त वस्तू' पुसून टाकायला लावलं आणि तिथे लिहायला लावलं: 'सुई, दोरा, बटणं मिळतील.'

त्या वर्षी कोथरूडमध्ये सुई-दोरा जेवढा खपला तेवढा पूर्वी कधी खपला नसेल. निवृत्त न्यायाधीश पांढरं रीळ घ्यायला येत आणि पिशवीतून न्हाणीघरातलं स्टूल घेऊन जात. घरी विचारलं तर रीळ दाखवायची सोय होती. पाडवा आला आणि गेला, फॉल-पिकोचं नाव निघालं नाही.

पुढे परदेशातल्या मुलांच्या ऑर्डरी यायला लागल्या. ईमेल माझ्या काँप्युटरवर येत. एकदा कॅलिफोर्नियातून एका मुलानं वडिलांसाठी लांबलचक यादी पाठवली. सगळं उत्तम प्रतीचं हवं, लगेच पोचवा. कुमुदताईंनी मला उत्तर सांगितलं. "लिही. वडील उठताना कुठला हात टेकतात? मोजा आधी कुठल्या पायात घालतात? न्हाणीघराचं दार आत उघडतं की बाहेर? हे कळल्याशिवाय वस्तू मिळणार नाही."

"ताई, एवढं मोठं गिऱ्हाईक जाईल."

"जाऊ दे. बापाचा हात माहीत नाही आणि काठी कसली पाठवतोय?"

आठ दिवस उत्तर नाही. नवव्या दिवशी स्वतः वडीलच दुकानात हजर. उंच, कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळाला आठी.

"ते प्रश्न आपण विचारलेत का?"

"हो. का?"

"का म्हणजे? चिरंजीव रोज फोन करतोय. एरवी महिन्यातून एकदा, तेही 'हवा कशी आहे, तब्येत कशी आहे' एवढंच. परवा म्हणाला, बाबा, आत्ता उठा आणि सांगा कुठला हात टेकला. मी उठलो. फोनवर! मग म्हणाला, बसा, परत उठा. चार वेळा उठवलं मला."

"माफ करा," मी मध्येच म्हणालो.

"माफ कसलं करा!" ते खुर्ची ओढून बसले आणि आवाज खाली आणून कुमुदताईंना म्हणाले, "मी असं म्हणतो, अजून काही प्रश्न नाहीत का तुमचे? पाच-सहा तरी काढा ना."

कुमुदताईंनी तिथल्या तिथे अकरा प्रश्न लिहून दिले. 'लहानपणी सायकलवर टांग कुठल्या बाजूनं टाकायचे?' हा त्यातला एक. निदान सहा तरी प्रश्नांचा काठीशी काही संबंध नव्हता.

दुकान रविवारी बंद असे. सकाळी नऊला बाई पिशवी भरून निघत आणि उन्हं कलायच्या आत परतत. कुठे जाता विचारलं तर "व्हिजिटवर". एका रविवारी रिक्षांचा संप आणि बसला तोबा गर्दी, म्हणून त्यांनी मला स्कूटर काढायला लावली. "हडपसर," म्हणाल्या. बाकी काही बोलल्या नाहीत.

काचेच्या नव्या इमारती मागे टाकून आम्ही जुन्या गावठाणातल्या एका घराशी थांबलो. ओसरीत बाजेवर एक म्हातारी बसली होती. दारातली सून मला हळूच म्हणाली, "ह्या आमच्या सासूबाई. कुमुदमावशींच्या थोरल्या भैन. आता कुनाला वळखत न्हाईत. पर सोयवाली बाई यायची हाय म्हनून पहाटंपास्नं वाट बघत्यात."

कुमुदताई पायरीशी उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि फेरीवालीसारखी आरोळी दिली, "सामान घ्यायचं का, सामान?"

"ये की, बस," म्हातारी खुलली. "आज काय आनलंस?"

मग तासभर बाजार भरला. कुमुदताईंचं शुद्ध पुणेरी बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. "ह्यो चमचा बघा आक्का, मूठ कशी जाड हाय." आक्का प्रत्येक वस्तू हुंगून-चाचपून बघत, नाकं मुरडत, "लुटतीस गं आम्हाला" म्हणत. शेवटी एक कंगवा पसंत पडला. त्याच्या बदल्यात त्यांनी बाजेखालच्या टोपलीतले दोन चिकू निवडून दिले आणि देताना कुमुदताईंचा हात हातात तसाच धरून ठेवला.

"तुझी बोटं आमच्या धाकटीवानी हायत. सुईनं टोचल्याली."

"व्हय? कुठं असती ती?"

"पुन्यात. पोरींना शिवन शिकवती. लई हट्टी. पर गुनाची हाय." आक्का जरा थांबल्या. "एकलीच असती गं. तिच्याकडं जात जा अधनंमधनं. बोलायला कुनी न्हाई तिला."

"जाईन की," कुमुदताई म्हणाल्या.

परत येताना त्यांनी गुऱ्हाळापाशी स्कूटर थांबवायला सांगितली. मी स्कूटर स्टँडवर लावली. त्यांनी रसाचे दोन ग्लास मागवले, एक घोट घेतला, आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"अरे, ती 'गुणाची' म्हणाली ना?"

"म्हणाली."

"मागच्या रविवारी नुसतंच 'हट्टी' म्हणाली होती." त्यांनी पदरानं ओठ टिपले आणि एकदम छान हसल्या. "तूही ऐकलंस ना? मग ठीक. मला वाटलं, मीच पदरचं घातलं की काय."