उलटी पट्टी

जावईबापूंनी अंगणातल्या प्लास्टिकच्या गवतावर गुडघे टेकले आणि हाक मारली, "अगं, कटर आण!"

आत बायकोच्या हातातला चमचाच खाली पडला. मागे यांनी पंखा दुरुस्त केला होता, तेव्हा तो असा काही फिरला होता की भिंतीवरचं कॅलेंडर दोन महिने पुढे गेलं होतं. अजून घरात कुणी नक्की वार सांगू शकत नाही.

"अहो, कारागिराला बोलवा ना."

"नाही. आई मावशींकडून यायच्या आत मीच करणार."

आई म्हणजे सासूबाई. लेकीकडेच राहायच्या. रोज सकाळ-संध्याकाळ दारापासून बाकापर्यंत अनवाणी चाळीस फेऱ्या घालायच्या, एकट्या, कुणाचा हात न धरता. सहा वर्षांत गवताला मधोमध लांबच लांब टक्कल पडलं होतं. जावईबापूंना ते टक्कल झाकायचं होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली, पण त्यांच्या कुठल्याही कामाला सासूबाई 'छान झालं' म्हणाल्या नव्हत्या. फार फार तर म्हणायच्या, "असू दे, जावईबापू, दमला असाल."

त्यांनी टकलाची पट्टी कापून काढली आणि नव्या गुंडाळीतून तेवढीच कापून बसवली. जोडाखाली गम लावला. गमवर वजन ठेवायचं असतं, म्हणून पिठाचा डबा ठेवला, गॅसचा सिलिंडर ठेवला, दोन सुटकेस ठेवल्या. तरी बाकाकडचं टोक उचलायचं ते उचलायचंच. मग जावईबापू स्वतःच त्यावर बसले. तासभर बसले. उठायला गेले, तर ते उठले आणि पँट बसूनच राहिली.

भिंतीपलीकडून शेजारचे काका म्हणाले, "काय, जावईबापू, मुळं धरली वाटतं?"

शेवटी बायकोने कात्रीने सोडवलं. पँट आली, मागचा खिसा मात्र गवतातच राहिला. रुमालासकट.

लांबून पाहिलं तर आणखीच कठीण. सगळं गवत फिकट हिरवं आणि मधली पट्टी काळपट. डोक्यावर भलत्याच जागी भांग पाडावा तशी.

संध्याकाळी सासूबाई आल्या. चपला काढल्या, अंगणात उतरल्या. एक पाऊल टाकून थबकल्या. मग दुसरं टाकलं. सावकाश बाकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. चाळीस फेऱ्या झाल्या, पण तोंडातून एक शब्द नाही.

"बघ, बोलल्यासुद्धा नाहीत!" जावईबापूंना जेवण गेलं नाही. म्हणजे तिसऱ्यांदा वाढलेलं गेलं नाही.

सकाळी बायकोने बोलावलेला कारागीर आला. त्याने गवतावरून तळवा फिरवला आणि हसूच लागला.

"साहेब, मांजराला शेपटीकडून डोक्याकडे कुरवाळलंय तुम्ही! सगळ्या गवताची पाती घराकडे झुकलीत, तुमच्या पट्टीची बाकाकडे. उलटी बसलीय. म्हणून काळी दिसते."

"काढा! आई बाहेर यायच्या आत सगळी काढा!"

कारागिराने मधूनच हातभर तुकडा उचकटला, तोवर सासूबाई दारात. नेहमीसारख्या निघाल्या. सात पावलं गेल्या आणि उचकटलेल्या जागी पाय पडताच जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"अगोबाई! रस्ता कुठे गेला?"

"आई, समोर तर दिसतोय बाक," लेक म्हणाली.

"तुला दिसतोय गं."

मग सासूबाईंनी सांगून टाकलं. "दोन वर्षं झाली. मला नुसतं धुकं दिसतं. टकलावरून पाय आपोआप चालायचे, म्हणून फिरत होते."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर लोणच्याच्या बरणीसारखं धरून फिरवलं असतंत मला! काल आले तर टक्कल गायब. म्हटलं, संपलं आपलं फिरणं. पण पाय टाकला आणि काय सांगू, पट्टीवर जाताना गुळगुळीत, येताना टोचतं. पाय पट्टीबाहेर गेला की लगेच उलटं लागतं. कुठे तोंड आहे, तेसुद्धा पायाला कळतं. आणि शेवटी तो फडक्यासारखा काय तो तुकडा लागतो ना, तो लागला की बाक आला!"

जावईबापूंचा हात आपोआप मागे गेला.

"फार उपकार झाले, जावईबापू. माझ्या पायांचा एवढा विचार कुणी केला नव्हता."

बायको डोळ्यांनी 'गप्प बसा' म्हणत होती. पण जावईबापूंना राहवेना. "आई, खरं सांगतो. ते चुकून उलटं बसलं."

"ते मला ठाऊक आहे," सासूबाई म्हणाल्या. "मुद्दाम उलटं बसवायला गेला असतात, तर सरळ बसलं असतं."

कारागीर इतका हसला की कटर खाली ठेवून बसला. मग त्याने उचकटलेला तुकडा होता तसाच, उलटाच, नीट चिकटवून दिला. खिशालाही चारी बाजूंनी गम लावला. सासूबाई डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला कबूल झाल्या, पण एका अटीवर. "फाटकापर्यंतही अशीच पट्टी घाला. जावईबापूंनीच घालायची."

जावईबापूंनी या वेळी खडूने बाण काढले. कारागिराला तीनदा फोन केला. प्रत्येक पात्याला विचारून घेतलं म्हणा ना. पट्टी बसली. कारागीर बघायला आला, तळवा फिरवला आणि त्याने कपाळाला हात लावला.

"साहेब, सरळ बसली! जोडसुद्धा सापडत नाही. इतकी सरळ मलाही जमली नसती."

सासूबाईंनी पट्टीवर पाय ठेवला. बाजूला ठेवला. काही फरक लागेना. जावईबापू मान खाली घालून उभे.

सासूबाईंनी चाचपडत त्यांचा दंड शोधला आणि घट्ट धरला.

"चला, फाटकापर्यंत तुम्हीच सोडा आता."

चार पावलं गेल्यावर हळूच म्हणाल्या, "छान झालं."