घाडीचे एकशे बारा प्लॉट

मुलुंड पूर्वेतील समस्त रहिवासी, त्यांचे पाहुणे आणि जिन्यात दम घ्यायला थांबणारे ज्येष्ठ नागरिक यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात कोणीही कोणतंही चांगलं नाव मोठ्याने उच्चारू नये. बाळाचं, दुकानाचं, कुत्र्याचं, कसलंही. उच्चारल्यास ते नाव पुढच्या पाच मिनिटांत चौथ्या मजल्यावरच्या सखाराम घाडीच्या मालकीचं होतं. त्याविरुद्ध सोसायटीकडे तक्रार चालत नाही. मी स्वतः सेक्रेटरी आहे. मी करून बघितली आहे.

घाडी दिवसा घाटकोपरच्या एका दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. डॉक्टर माप पाठवतात, हा प्लास्टरचा जबडा ओततो आणि त्यावर एकेक दात असा बसवतो, की म्हातारा माणूस पुन्हा चिक्की मागायला लागतो. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा दात. आणि उरलेल्या वेळात, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, बसस्टॉपवर, लग्नात पंगतीची वाट बघताना, नावांचा धंदा.

हा धंदा काय ते त्याच्याच शब्दांत सांगतो, कारण मलाही तो असाच समजला. "हे बघ परक्या," तो म्हणाला. माझं नाव प्रकाश, पण घाडीकडे ते पूर्ण उच्चारण्याइतका वेळ नसतो. "इंटरनेटवर दुकान टाकायचं तर पत्ता लागतो. अमुक डॉट कॉम. तो पत्ता म्हणजे प्लॉट. जो आधी जाईल त्याचा. वर्षाला भाडं भरायचं आणि बसायचं. कोणाला तेच नाव हवं असलं की तो आपल्याकडे येणार."

"आणि नाही आला तर?"

"मालक येतो रे. उशिरा येतो, पण येतो."

हे त्याचं ब्रह्मवाक्य. गावाला घाडीच्या वाट्याची अर्धा गुंठाही जमीन नाही, ती चुलत्यांनी आपापसात वाटून घेतली. पण इंटरनेटवर त्याचे एकशे बारा प्लॉट आहेत आणि त्यांची भाडं भरायची तारीख त्याच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेली असते. इतरांच्या कॅलेंडरवर दूध आणि बाईचे खाडे असतात, घाडीच्या कॅलेंडरवर 'उकडीची पेज' आणि 'झटपट जावई'. भाडं आपोआप भरलं जाण्याची सोय आहे म्हणे, पण ती त्याला मंजूर नाही. "जमीन कशी, आपण जाऊन बघायची असते."

पहिल्या मजल्यावर कांबळ्यांच्या नातवाचं बारसं होतं. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि पेढा माझ्या तोंडात जायच्या आत कोपऱ्यातून घाडीचा आवाज आला, "घेऊन टाकलं!" कांबळे रिझर्वेशन ऑफिसात तीस वर्षं काढलेला माणूस. तो म्हणाला, "अरे घाड्या, पोराचं अजून बर्थ सर्टिफिकेट नाही निघालं!"

"म्हणूनच मोकळं होतं," घाडी म्हणाला.

एवढ्या पसाऱ्यातून आजवर विकलं गेलं एकच नाव, 'ताजी सुरमई'. वर्सोव्याच्या एका मासेवाल्याने घरपोच मासळीसाठी घेतलं. आम्हाला वाटलं, घाडी पार्टी देणार. तर हा आठ दिवस मुलगी सासरी पाठवल्यासारखा तोंड पाडून बसलेला. अजून दर रविवारी तो फोनवर ती साइट उघडतो, मांदेली-पापलेटांचे फोटो वरून खालपर्यंत बघतो आणि समाधानाने म्हणतो, "नीट ठेवलंय रे. नांदतंय."

लॅबमध्येही तेच. कवळीचं माप देऊन काही लोक न्यायला येतच नाहीत. कोणी गाव बदलतो, कोणी जग. साहेब म्हणतात, फेकून दे. घाडी त्या कवळ्या बिस्किटांच्या डब्यात नाव लिहून ठेवतो. मी एकदा चहाबरोबर बिस्किट मिळेल म्हणून तो डबा उघडला होता. आतून बत्तीस-बत्तीस दात माझ्याकडे बघून हसले. "टाकत का नाहीस हे?" मी किंचाळलो. उत्तर तुम्हाला माहीत आहे.

तर हे सगळं मी बिल्डिंगभर रंगवून सांगायचो आणि लोक हसायचे. मग एक दिवस पाळी माझ्या घरावर आली.

माझी बायको सुलभा. पतपेढीच्या काउंटरमागे बावीस वर्षं बसून यंदा तिने नोकरी सोडली आणि धंदा काढला. तयार फोडणीच्या बाटल्या. मोहरी, जिरं, कढीपत्ता, लसूण, तेलात तडतडवून बंद. वरणावर चमचाभर ओतलीत की झालं. शनिवारी बोरिवलीत महिलांच्या प्रदर्शनात तिला पहिलावहिला स्टॉल मिळाला होता. साकीनाक्याच्या छापखान्यातून पाचशे लेबलं आली. लाल अक्षरांत नाव, 'जिन्यातली फोडणी', आणि खाली वेबसाइटचा पत्ता, तोच, डॉट कॉम.

आणि बुधवारी संध्याकाळी, लेबलं चिकटवून झाल्यावर, बाईसाहेब तो पत्ता विकत घ्यायला बसल्या.

"अहो," तिचा आवाज आला, "हा कोणीतरी आधीच घेतलाय."

'कोणीतरी' कोण, हे आमच्या बिल्डिंगमध्ये विचारावं लागत नाही. मी वर छताकडे बघितलं. तिनेही बघितलं.

"दुसरं नाव घे," मी म्हणालो. "सुलभा मसाले."

"पाचशे लेबलं लावलीत मी! आणि नाव माझं आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पावत्यांवर शिक्के मारले, पहिल्यांदा काहीतरी माझं काढलं, त्यातही हा मेला..." वाक्य अर्धवट टाकून ती जिना चढू लागली. मी मागून. सेक्रेटरी म्हणून जाणं भागच होतं, आणि खरं सांगायचं तर असा तमाशा मी कशाला चुकवतोय!

घाडी बनियनवर बसून भात जेवत होता. नुसता भात, वर तूप. सुलभाने बाटली ताटाशेजारी आदळली.

"भावजी, हे नाव तुम्ही घेतलंय?"

घाडीने लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. मग चेहरा असा काही उजळला, की मला वाटलं आता हा भाव सांगणार.

"आलात तर," तो म्हणाला. "चार वर्षं झाली वहिनी. मला वाटलं होतं दोनेक वर्षांत याल."

"काय हवंय तुम्हाला? स्पष्ट बोला!"

"काय हवंय? उघडून तरी बघा आधी."

तिने फोनवर तो पत्ता उघडला. घाडीचे बाकीचे बरेच प्लॉट मी बघितले आहेत. त्यांवर ठळक अक्षरांत 'विकणे आहे' आणि खाली त्याचा नंबर. इथे पांढऱ्या पानावर दोनच ओळी होत्या:

'विकणे नाही.
मालकीण यायची आहे.'

सुलभा खुर्चीवर बसली. मलाही बसायचं होतं, पण खुर्ची एकच होती.

"तुम्हीच म्हणाला होतात ना," घाडी सांगू लागला. "मी जिन्यात भेटलो, म्हटलं वहिनी, तुमची फोडणी चौथ्या मजल्यापर्यंत येते, मी त्या वासावरच भात जेवतो. तर तुम्ही म्हणालात, 'नोकरी सुटली की हाच धंदा काढते, जिन्यातली फोडणी.' म्हटलं, नाव झकास आहे, कोणी उचलायच्या आत ठेवून द्यावं."

मला तो जिना आठवला. मी तिथेच होतो. त्यावर मी काय बोललो होतो तेही आठवलं: "आधी घरात पुरेल एवढी भाजी कर!" मोठा हशा पिकला होता. हसणारा अर्थात मी. सुलभा घरापर्यंत गप्प होती, आणि मला ते आज, चार वर्षांनी, घाडीच्या स्वयंपाकघरात उभं राहून लक्षात येत होतं.

मी नजर चुकवायला कॅलेंडरकडे वळलो. त्यावर बहुतेक नावं निळ्या शाईत होती, पण काही हिरव्या. तिसऱ्या मजल्यावरची रिया नववीत आहे, जनावरांची डॉक्टर व्हायचं म्हणते. तिच्या दवाखान्याचं नाव हिरवं. कांबळ्यांना रिटायर झाल्यावर बासरीचा क्लास काढायचाय. हिरवं. त्यांच्या नातवाचंही हिरवंच.

"आणि माझं?" मी विचारलं.

"तू जिन्यात कधी काय करणार म्हणून बोललायस?" घाडी म्हणाला. "नुसता लोकांना हसतोस."

इतक्या सौम्य आवाजात माझं इतकं मोठं माप आजवर कोणी घेतलं नव्हतं.

त्याने पासवर्डाची चिठ्ठी काढली आणि दहा मिनिटांत तो पत्ता सुलभाच्या नावावर करून दिला. मोबदला म्हणून बाटली उघडली आणि दोन चमचे फोडणी भातावर ओतली. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

सुलभा अजून कॅलेंडरच वाचत होती. "भावजी, तुमचं स्वतःचं नाव कुठाय?"

"कसलं?"

"सखाराम घाडी डॉट कॉम."

"ते कशाला?" तो भात कालवत म्हणाला. "त्याला कुठला मालक यायचाय? आणि सखाराम घाडी शोधणार कोण, वहिनी?"

या खोलीत खुर्ची एकच का आहे, हे मला तेव्हा कळलं. सुलभा मान खाली घालून फोनवर काहीतरी करत राहिली. मग फोन त्याच्या ताटावर धरून म्हणाली, "मोकळं होतं. घेऊन टाकलं."

घाडीने डाव्या हाताने चष्मा सारखा केला. फोन जवळ नेला, लांब नेला. पानावर एकच ओळ होती: 'मालक चौथ्या मजल्यावर आहे.' त्याचं तोंड उघडंच राहिलं, आणि घाटकोपरभर कवळ्या पुरवणाऱ्या या माणसाला वरच्या रांगेत दोन दात नाहीत, हे मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघितलं. डोळे भरून आले होते. मला वाटलं, आता तो आभार मानेल, निदान नाक तरी ओढेल. पण धंदेवाल्याची नजर खालच्या बारीक अक्षरांतल्या, मुदत संपायच्या तारखेवर गेली, आणि तो उष्ट्या हाताने कपाळ बडवून ओरडला,

"अहो वहिनी, एकाच वर्षाचं घेतलंत? मी काय लगेच मरतोय काय!"