अष्टमीचे मास्तर

पाण्यात गळ टाकायच्या आधी मास्तर होडीच्या फळीवर तीनदा टकटक करतात आणि विचारतात, "आत येऊ?" मग थांबतात. एकदा नेमका तेव्हाच बगळा ओरडला, तर यांनी गळ परत गुंडाळला. म्हणे, "आज नको म्हणतायत."

मास्तर पनवेलच्या कॉलेजात शिकवतात आणि पोरांचं गळ-मंडळ चालवतात. दर हिवाळ्यात त्यांची खाडीत सहल, आणि होडी माझीच. वल्ह्याची, इंजिन नाही. माझी शाळा दुसरीत संपली, पण पाण्याचं मला कोणी शिकवू नये.

पूर्वी मास्तर मला तिथी विचारून यायचे. पुनव-अवसेला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, मासा चरायला निघतो. अष्टमीला भांग, पाणी नुसतं पडून. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तीन वर्षं झाली, हे हट्टाने अष्टमीलाच येतात.

"मास्तर, अष्टमीला मासा झोपलेला असतो."

"मग आपण हळू बोलू, नाखवा."

वय झालं, डोकं चळलं, असं मी घरी सांगितलं. माझा डावा खांदा रात्री ठणकतो, ते मात्र घरीही सांगितलं नाही.

यंदाही अष्टमीच. खाडी अशी निवांत की आभाळ खाली आहे की वर, कळेना. लांब न्हावा शेव्याच्या क्रेना धुक्यात बगळ्यांसारख्या उभ्या. सात पोरं सकाळपासून गळ धरून बसलेली. दुपारपर्यंत लागली एकच बोटभर खरबी. मास्तरांनी तिची माफी मागून तिला सोडून दिलं.

पोरं कंटाळली. मी वल्हं आत घेऊन तोंडावर टॉवेल टाकला. त्यांना वाटलं, म्हातारा झोपला.

तन्वी नावाची पोरगी कुजबुजली, "सर, भांगाला मासा लागत नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना? पुढच्या वर्षी करंजाहून इंजिनाची बोट करू. उधाणाला जाऊ. असंच चाललं तर मंडळात कोण राहील?"

"नाखव्याचा खांदा गेलाय गं. उधाणाची ओढ त्याला झेपायची नाही."

"मग दुसरी होडी?"

"दुसऱ्याच्या होडीत मी बसत नाही. आणि हळू बोल, त्याला कळता कामा नये."

पाणी थांबलेलं असलं की कुजबुजही सरळ कानात येते. टॉवेलाखाली मी बराच वेळ पडून राहिलो. होडी जागच्या जागी डुलत होती.

धक्क्याला लागल्यावर मास्तरांनी विचारलं, "मग नाखवा, पुढच्या वर्षी?"

पोरं बघत होती. पंचांग पाठ असल्यासारखी मी बोटं मोजली.

"अष्टमीच धरा. आजकाल उधाणाला मासा नाय लागत."

जन्मात पाण्याबद्दल मी एवढंच खोटं बोललो. तन्वीने तोंड फिरवलं. मास्तरांनी मात्र गंभीरपणे खिशातून डायरी काढली आणि लिहून घेतलं.