आबांच्या बदल्यात

बायकोसाठी मी शेवटचं काम केलं ते हे: वैद्य सरांच्या अंगणात उतरून गुलाबाच्या कुंडीतली चिमूटभर माती आणली आणि तिच्या तळहातावर ठेवली. रविवारची संध्याकाळ होती. गंगापूर रोडला सरांच्या बंगल्याच्या व्हरांड्यात आम्ही चहा पिऊन बसलो होतो. तिनं ती माती दोन्ही हातांना चोळली, उरलेली सरांच्या हातांना लावली आणि आखाड्यात पैलवान मिळवतात तसा सरांशी हात मिळवला. सर कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले. अंगात पांढराशुभ्र लेंगा-झब्बा. बिचारे हात अधांतरी धरून बसले.

"पुसू नका सर," ती म्हणाली. "जोड अजून ओली हाय."

जोड म्हणजे कार्डांची अदलाबदल. माझी यमुना विलायती पैलवानांची कार्डं जमवायची. पत्त्याएवढी कार्डं, पुढे पैलवानाचा फोटो, मागे उंची, वजन, छाती आणि नंबर. मी चौथी शिकलेला माणूस, जन्मभर मोटारी रिवाइंड केल्या, मला यातलं कळत नाही. तिला लिहिता-वाचताही येत नव्हतं. पण या नाशकात कार्डं जमवणारी जी पाच-सहा शिकलेली माणसं आहेत, ती अडली की आमच्या घरी यायची.

हे खूळ लागलं पोरामुळे. सातवीत असताना त्याची ही कार्डं मास्तरांनी जप्त केली आणि आईला बोलावून घेतलं. ती पोराला झोडायच्या तयारीनं गेली. मास्तरांनी टेबलावर कार्डं पसरली. ही त्यातलं एक उचलून म्हणाली, "मास्तर, ह्याच्या मांड्या बघा. ह्यो उभा राहणार नाय." तास झाला तरी दोघं तिथंच. कार्डं घेऊन घरी आली, पण पोराला एकही दिलं नाही. पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे. तो अजून म्हणतो, "आई, माझी कार्डं." ती म्हणायची, "तुला त्यातलं काय कळतं?"

तिला कळायचं, कारण तिचे वडील पैलवान. कळवणकडच्या जत्रांत कुस्त्या करायचे. बाईमाणसाला आखाड्याजवळ कोण येऊ देतं? ही लहानपणी लांब बैलगाडीच्या साट्यावर उभी राहून बघायची, आणि कोणाची कोणाशी जोड लावावी ते वडिलांना आधीच सांगायची. वडील तसं पंचांना सांगायचे. पंचांना वाटायचं, पैलवानाची नजर. ती नजर पोरीची होती.

एकदा सरांनी तिची परीक्षा घेतली. कार्ड पुढे धरून म्हणाले, "सांगा वजन." तिनं डोळे बारीक केले. "एकशे वीस किलो. पण फोटू जेवल्यावरचा हाय." सरांनी कार्ड उलटलं. मागे वजन पौंडात. कागद घेऊन गुणाकार-भागाकार केले. एकशे अठरा आलं. सरांनी गुणाकार पुन्हा करून पाहिला. मी तोंड वासून बसलो. पस्तीस वर्षं ही बाई माझ्यापुढे भाकऱ्या थापत होती, आणि मला हिचा पत्ता नव्हता.

विलायती नावं तिला जमायची नाहीत. तोंडाला पांढरा रंग फासलेला तो भस्म्या. लांब केसांचा तो झिपऱ्या. एक नुसताच आडवा वाढलेला, तो रेडा. सरांसारखा माणूस फोनवर मोठ्यानं म्हणायचा, "यमुनाताई, माझ्याकडे झिपऱ्या दोन झालेत. रेडा देता का?"

"रेडा भारी पडंल झिपऱ्याला. वर अजून एक टाका."

तिचे नियम आखाड्याचे. जोड बरोबरीची पाहिजे. फुकट द्यायचं नाही, फुकट घ्यायचं नाही. आणि हात आज मिळवायचा, कार्ड उद्या द्यायचं. "घरी जावा, जेवा, झोपा. सकाळी पोटात कालवलं नाय, तर खरी जोड."

सगळ्या कार्डांत तिचा जीव एकावर. रुंद खांद्यांचा, टकला, लाल चड्डीतला गोरा पैलवान. त्याचा डावा कान कुस्त्या खेळून चुरगळलेला. तिच्या वडिलांचा तसाच होता. वडिलांनी जन्मात फोटो काढला नाही, म्हणून तिच्यालेखी हाच त्यांचा फोटो. त्याचं नावच आबा. सर्वपित्रीला ती पाटावर आबांना उभं करायची आणि पुढे खीर-वड्याचं पान वाढायची. पहिल्या वर्षी मी हसलो. म्हटलं, "अगं, निदान त्याला धोतर तरी नेसव." ती म्हणाली, "आखाड्यातून आलेत. गप बसा." पुढच्या वर्षापासून मीही हात जोडायला लागलो.

आबांसाठी सरांनी काय काय देऊ केलं. एकदा एकदम अकरा कार्डं. ती म्हणाली, "सर, बाप विकत्यात का कुणी?" सर ओशाळले. पुन्हा विषय काढला नाही.

आणि त्या रविवारी, मी माती घेऊन वर आलो तर बाई म्हणते, "आबा देते. ह्यो द्या." 'ह्यो' म्हणजे संचातला शेवटच्या नंबरचा पैलवान. काडी नुसती. बरगड्या मोजून घ्याव्यात. पुढचा एक दात पडलेला आणि तोंडभर हसतोय. याला तर आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला लोळवेल.

परत येताना रिक्षात मी तिला नाही नाही ते बोललो. "डोकं फिरलंय का तुझं? ही काय जोड झाली?"

"सकाळी बघू," म्हणाली.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली.

तेराव्याला सर आले. जेवण झाल्यावर खिशातून तो काडीपैलवान काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, "नाना, हा तुमचा. आबा तुमच्याकडेच राहू द्या. ताई राहिल्या नाहीत, आता जोड सुटली."

मी आडमुठा माणूस. म्हटलं, "फुकट नको. आणि हा घेऊन मी काय करू? बाई म्हातारी झाली, नजर गेली, आणि तुम्ही त्याचा फायदा घेतलात."

सरांचा चेहरा पडला. "नाना, मी तीनदा नको म्हटलं. तुम्ही खाली माती आणायला गेला होतात. मी म्हटलं, ताई, ही जोड बरोबर नाही. तर म्हणाल्या..." सर थांबले. मग तिच्याच बोलीत त्यांनी सांगितलं. त्यांच्या तोंडी ते विचित्र वाटत होतं, पण शब्द तिचे होते. "सर, आबा मला डोळं मिटलं तरी दिसत्यात. ह्यांचं हसणं मातर दिसंनासं झालंय. लगीन झालं तवा अस्संच हसायचे. घरात एका फोटूत हसल्याला नाय माणूस."

 मी कार्ड घेतलं नाही. सर ते खिशात घालून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. पोटात कालवत होतं, खोटं कशाला बोलू; पण हात तिनं मिळवला होता. अंघोळ केली, आबांना रुमालात गुंडाळलं आणि पहिल्या बसनं गंगापूर रोडला गेलो. सरांनी ब्रश तोंडात तसाच ठेवून दार उघडलं. मी रुमाल सोडून आबा त्यांच्या हातात दिले. म्हटलं, "ओल लागू देऊ नका." त्यांनी आत जाऊन काडीपैलवान आणून दिला. 

येताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. मी कार्ड काढून काचेला टेकवलं. शेजारी काचेत माझं थोबाड दिसत होतं. जरा हसून बघितलं. जमलं नाही. गाल दुखले. परत एकदा हसलो, दात काढून.

कंडक्टर तिकीट घेऊन उभा होता. "काय बाबा, कोणाला हसताय?"

"काही नाही रे," मी म्हणालो. "जोड बघतोय."