जाती: अद्याप निश्चित नाही

कोणतीही वस्तू नेमकी कशात मोडते हे ठरल्याशिवाय तिला घरात ठेवता येत नाही. डाळ डब्यात, लोणचं बरणीत, कोयता आढ्याला आणि माणूस आपापल्या माणसांत. यात एकदा गफलत झाली की डाळीला लोणच्याचा वास मारतो. माणसांचं काय होतं ते सांगायला नको.

माझं शिक्षण चौथी (तिसरी दोनदा केली, सबब पाच वर्षं धरायला हरकत नाही). सतरा वर्षं मी महिला मंडळाची अध्यक्षा आहे, त्यामुळे 'सदर', 'सबब' आणि 'उपरोक्त' हे शब्द माझ्या हाताखालीच वाढले. बेळगावजवळ, हिंडलग्याच्या पलीकडं आमचं गाव. तिथं माणसांचं वर्गीकरण माझ्याकडं असतं. नवा माणूस दिसला की मी एकच प्रश्न विचारते: कुणापैकी? शहरात असं विचारणं वाईट दिसतं. म्हणून तिथं 'मूळ गाव कुठलं', 'आडनाव काय म्हणालात', 'कुलदैवत कोणतं' असे सात प्रश्न विचारून तीच माहिती काढतात. आमचा वेळ वाचतो.

आजवर मी गावातल्या मुलींसाठी त्रेसष्ट स्थळं तपासली. एकोणपन्नास नापास केली. कारणं रीतसर लिहून ठेवलेली आहेत. पदर लागत नाही, म्हणजे सोयरिकीचा धागाच जुळत नाही: एकवीस. पदर लागतो पण फार लांबून: अकरा. फार जवळून: नऊ. मुलाची आई माझ्यासमोर पायावर पाय टाकून बसली: आठ (यात आया सहाच, दोघींना दोन-दोन मुलगे होते). उरलेल्या चौदा मुली सुखानं नांदतात, असं त्यांच्या सासवा सांगतात.

अशा माझ्या भातशेतात गेल्या श्रावणात एक चष्मेवाला मुलगा पोटरीभर चिखलात उभा सापडला. हातात काठी, काठीला माईक.

"कोण रं तू? इथं काय हरवलंय तुझं?"

"बेडकं ऐकतोय, आज्जी. युनिवर्सिटीतनं आलोय. श्रेयांस माझं नाव."

"कुणापैकी?"

"आधी दुसऱ्या प्रजातीत होती. आता मिनर्वार्या म्हणतात."

"बेडकाचं न्हवं रं. तू कुणापैकी?"

"मी व्हय? सदलग्याचा."

सदलग्याचा श्रेयांस. निम्मं काम तिथंच झालं. उरलेलं निम्मं, घरी आल्यावर त्यानं पोह्यांत कांदा आहे का विचारलं, तेव्हा झालं. मी त्याला नुसता चहा दिला आणि विषय मिटला असं समजले.

शास्त्र मात्र मला पटलं. त्यानं सांगितलं की आमच्या बांधावरचा बेडूक अंगठ्याच्या पेराएवढा आणि रंग मातीचा. असे बेडूक सगळीकडं सारखेच दिसतात. बाहेरून बघून काहीच कळत नाही. ओरडणं ऐकायचं, मग बोटाचा कण कापून बेंगळुरूला पाठवायचा, मग आत खरं कोण आहे ते कळतं. मी म्हटलं, आम्हीही तेच करतो, फक्त बोट कापत नाही. पुढं तो म्हणाला की शास्त्रज्ञांनी या बेडकांची प्रजाती आजवर चारदा बदलली. बेडकाला कुणी विचारलं नाही. तो आपला बांधावरच बसून होता. याचं त्याला नवल वाटत होतं, मला वाटलं नाही. आमच्या सासूबाई मुंबई राज्यात नांदायला आल्या, म्हैसूर राज्यात बाळंत झाल्या आणि कर्नाटकात वारल्या. चूल तीच होती.

शास्त्राला माईक धरायला माणूस लागतो. दर रविवारी तो माईक माझी नात रचना धरू लागली. रचना उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात यंत्रांचे नकाशे काढते, त्यामुळे तिचा हात हलत नाही. सहा रविवारांत बेडकांचे अकरा तास आवाज गोळा झाले. सातव्या रविवारी रचना माझ्यासमोर येऊन बसली.

"आज्जी, मला श्रेयांसशी लगीन करायचंय."

"बेडकं मोजून झाली व्हय?"

"चेष्टा नको. तू व्हय म्हटलीस तर आप्पा व्हय म्हणतील. तू न्हाय म्हटलीस तर मी तुझ्या मनाविरुद्ध करणार न्हाय, पर दुसऱ्या कुणाशीबी करणार न्हाय."

आप्पा म्हणजे माझा मुलगा युवराज. तो कारखान्यात पन्नास माणसांवर ओरडतो आणि घरी आल्यावर माझ्या तोंडाकडं बघतो. मी नाही म्हटलं. कारण लिहून ठेवलं: पदर लागत नाही, बावीस.

रचना रडली नाही, भांडली नाही. फक्त जेवताना माझ्याकडं बघायचं सोडलं. घरात एवढी शांतता झाली की बांधावरचा बेडूक स्वयंपाकघरात ऐकू यायला लागला.

पुढच्या आठवड्यात तिच्या डब्याच्या पिशवीत एक छापील कागद सापडला (मी पिशवी तपासत नव्हते, फक्त सगळी रिकामी करून बघत होते). मी अक्षरं लावत वाचला. वर्ग. गण. कूळ. प्रजाती. जाती. ही कशाची यादी असते ते मला कुणी शिकवायला नको. पोरगी ताळ्यावर आली, दुसरं स्थळ बघितलं आणि सांगायला लाजते आहे, हे मी ओळखलं.

स्थळ बरं होतं. नर, २६, मि.मी. म्हणजे मुलगा सव्वीस वर्षांचा आणि मि.मी. झालेला (एम.ए.च्या वरची काहीतरी असावी). गण: अनुरा. इथं छापणाऱ्यानं 'धा' खाल्लेला दिसला. अनुराधा नक्षत्र म्हणजे देवगण. कूळ: दुभंगलेल्या जिभेचे. वकिलाचं घराणं. निवास: भातशेत, बारमाही ओलावा. म्हणजे विहीर आहे. आहार: मांसाहारी. हे वाचून तर मी कागद कपाळाला लावला. आवाज: खणखणीत, सलग. खोट एकच होती. जाती: अद्याप निश्चित नाही. मुद्दाम लपवलेली, दुसरं काय.

मी युवराजला बोलावलं. साक्षीला जाऊबाईंना, म्हणजे मनुबाईला बोलावलं. मनुबाईला सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या बसनं बेळगावात पोचते. तेवढ्यात श्रेयांस शेतातून पाणी प्यायला आला. गावोगाव फिरणारा माणूस, याला माहिती असणार, म्हणून मी त्याच्यापुढं कागद धरला.

"हे तुझ्या बघण्यात हाय का रं?"

"हाय की, आज्जी. रोज बघतोय."

"वागायला कसं?"

"लई गरीब. हात लावला की उडी मारून पळतंय."

"लाजरं म्हणायचं. आणि कामाला?"

"दिवसा कायबी करत न्हाय. अंधार पडला की मादीला हाका मारतंय."

मनुबाईनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, हल्लीची मुलं उघड बोलतात.

"जात का लपवलीया?"

"लपवली न्हाय. बेंगळुरूला तपासायला गेलीया. महिन्याभरात ठरंल."

एवढ्या लांबून तपासून घेणारं घर मला आवडलं. मी उभी राहिले आणि सदर स्थळ मला पसंत असून जात काहीही निघाली तरी शब्द फिरणार नाही, असं दोन साक्षीदारांसमोर जाहीर केलं. हे 'काहीही' मी का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. देवगणाचा परिणाम असावा.

श्रेयांसनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कागद उलटा केला. मागं रंगीत फोटो होता. बेडूक कॅमेऱ्याकडं बघत होता.

"शेतकऱ्यांसाठी छापलंय, आज्जी. माहितीपत्रक."

युवराज भिंतीकडं तोंड करून खोकू लागला. मनुबाई उठली आणि तिला एकदम घरचं काम आठवलं.

"आक्का," ती दारातनं म्हणाली, "हळद कवा लावायची? पावन्याला पाण्यातच ठेवून लावाय लागंल, न्हवं?"

रचना कारखान्यातून येऊन दारातच उभी होती. ती आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. "जात ठरली न्हाय, तरी ह्याला तू पास केलंस. मग श्रेयांसलाच का न्हाय, आज्जी?"

इथं वाचकांनी परिस्थिती नीट समजून घ्यावी. माझ्यापुढं दोनच रस्ते होते. एक, मी चुकले आणि बेडकाला पसंती दिली, असं मान्य करायचं. म्हणजे त्रेसष्ट स्थळांची माझी सगळी तपासणी फेरविचाराला घ्यावी लागली असती, आणि त्या एकोणपन्नासांत कोण बेडूक होता आणि कोण माणूस, हे विचारायला त्यांच्या आया आल्या असत्या. दुसरा, कागद पहिल्यापासून श्रेयांसचाच होता, असं ठरवायचं. मी चुकत नसल्यामुळे दुसरा रस्ता बरोबर होता.

"मनुबाई, मागं फिर," मी म्हटलं. "सदर कागद ह्या पोराचा हाय. सव्वीस वर्सांचा हाय न्हवं रं?"

"सत्तावीस, आज्जी."

"छापल्यापासनं एक वर्स झालं असंल. शेत हाय?"

"हाय. दोन एकर, उसाचं."

"जात?"

त्यानं रचनाकडं बघितलं. रचनानं माझ्याकडं बघितलं. मग तो म्हणाला, "अद्याप निश्चित न्हाय."

"मग जुळतंय," मी म्हटलं. आहाराच्या रकान्यावर मी स्वतःच्या हातानं काट मारली.

बेंगळुरूचा निकाल महिन्यानं आला. पुस्तकात दोन वेगळ्या जाती लिहून ठेवल्या होत्या, त्या एकच निघाल्या. बेडकांनी ते आधीच ठरवून अंडीही घातलेली होती. शास्त्रज्ञांनी माफी न मागता एक नाव खोडलं. शास्त्राची हीच गोष्ट मला आवडते.

लग्न माघात झालं. दोन पंगती वेगळ्या मांडल्या होत्या आणि दोन्हीकडची मुलं दोन्हीकडं जेवली. मनुबाई अजून नवऱ्या मुलाला 'ह्ये शेतातलं' म्हणते.

आता तुमच्याबद्दल. या सगळ्या लिखाणात मी कुणाचीच जात लिहिलेली नाही, स्वतःचीही नाही. पाहिजे तर परत वाचून बघा. तरी आमची कोणती आणि त्यांची कोणती, हे तुम्ही कधीच ठरवून मोकळे झालात. शास्त्राला त्याच कामासाठी माईक, प्रयोगशाळा आणि एवढे महिने लागले. तुमचं चहा निवायच्या आत झालं.