आप्पा फोन उचलतात

आमचे शेजारी मन्मथआप्पा फोन उचलून ‘हॅलो’ म्हणत नाहीत. ‘‘गाडीचा नंबर बोल,’’ म्हणतात. समोरचा अडखळला की संपलं. स्पीकर लावायचा, भर उन्हात स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभं राहायचं आणि सुरू. ‘‘मुडद्या, म्हाताऱ्या माणसाला फसवायलास व्हय? चोर तू हायस. लाज तुला वाटाय पायजे, दुसऱ्याला न्हाई.’’ विमा विकणाऱ्या मुलीही यातून सुटल्या नाहीत. निलंग्याच्या सख्ख्या भाच्यानं लग्नाचं आवतण द्यायला फोन केला, तर ‘‘मामा, मी हाय’’ला उत्तर मिळालं, ‘‘चोर बी तेच म्हनतोय.’’

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा ड्रायव्हर फोन करायचा, दर वेळी वेगळ्याच मोबाइलवरून. त्याला आपण आपला टोकन नंबर सांगायचा, मगच पाणी. फोन नाही उचलला तर टँकर पुढच्या गल्लीत. अनोळखी फोन उचलणं आणि विचारलेला नंबर मुकाट्यानं सांगणं, ही सवय आम्हाला तहानेनं लावली होती.

आप्पांचं भांड्यांचं दुकान. बँकेच्या पोरानं दुकानात येऊन एक क्रेडिट कार्ड त्यांच्या गळ्यात मारलं होतं. ‘‘फुकट हाय आप्पा, ऱ्हाऊ द्या.’’ ते ज्वारीच्या डब्यात पडून असायचं. त्याच्यावरचे आकडे चोराकडं आधीच पोचले होते. कसे, ते बँकेलाही सांगता आलं नाही. राहिला होता फक्त मोबाइलवर येणारा ओटीपी. घरात मोबाइल एकच, तो टँकरसाठी घरीच ठेवलेला. आप्पांच्या बायकोनं, महादेवीअक्कांनी, उचलला. ‘‘मेसेजमध्ये नंबर आलाय तो सांगा, लवकर.’’ लवकर म्हणाला म्हणून त्यांना टँकरवालाच वाटला. नंबर सांगून अक्का घागरी घेऊन दारात जाऊन उभ्या राहिल्या. टँकर आलाच नाही, कार्डावरचे पैसे तेवढे गेले.

मी मास्तर, म्हणून बँकेत मला सोबत नेलं. कार्ड बंद केलं, तक्रार लिहून दिली. मग तिथला अधिकारी अक्कांकडं बघून हसला. ‘‘आजी, एवढे बोर्ड लावलेत आम्ही. सांगितलंच कशाला?’’ पोलीस ठाण्यातही तेच. गल्लीतही तेच. ज्यानं लुटलं त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढेना. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. आप्पांनी मात्र तिथंच टेबलावर हात आपटला होता. ‘‘सायेब, घर आमचं फुटलं आन् तुमी आमालाच इचारायलाव, कुलूप असलं कसं?’’

अक्कांनी त्या दिवसापासून फोनला हात लावला नाही. वाजला की आत स्वयंपाकघरात जायच्या. आप्पा दुपारी दुकान बंद करून घरी बसू लागले. नव्या कार्डामागचे तीन आकडे त्यांनी खिळ्यानं खरवडून काढले. कार्ड बंद करायचा बँकेचा नंबर कोळशानं भिंतीवर लिहिला, दुरून दिसेल एवढा. फोन आला की आधी गाडीचा नंबर विचारायचा, खरा टँकरवाला तो पटकन सांगेल म्हणून. आणि शिव्या रोजच्या रोज.

एका दुपारी ते लग्नाच्या गिऱ्हाइकासाठी दुकानात अडकले. फोन घरीच वाजू लागला. मी माझ्या अंगणात होतो. वाजायचा थांबला आणि आवाज आला तो अक्कांचा. ‘‘गाडीचा नंबर बोल.’’

स्पीकरही लावलेला. ड्रायव्हर नवा असावा. ‘‘कशाला पायजे आजी?’’ म्हणाला. मग अक्कांनी ‘मुडद्या’पासून ‘लाज’पर्यंत सगळं ऐकवलं, एक शब्द गाळला नाही. शेवटी माहेरच्या कानडीतलं ‘‘होगले’’ जोडून त्याला वाटेला लावलं. खरा टँकरवाला होता बिचारा. कोपऱ्यावरून गाडी वळवून निघून गेला.

गल्ली रिकामे हंडे घेऊन आप्पांच्या दारात जमली. मीही तावातावानं गेलो. आप्पा धावत आले, ऐकून घेतलं. ‘‘काय बोलायचं ते मला बोला. तिला कुनी बोलायचं न्हाई.’’ घरातला ड्रम बाहेर काढून त्यांनी तांब्यातांब्यानं वाटला. चेहऱ्यावर मात्र पोरगी परीक्षेत पहिली आल्यासारखा आनंद.

‘‘तुम्हीच शिकवलंत हे,’’ मी म्हणालो.

आप्पांनी आवाज खाली आणला. ‘‘न्हाई सर. तोंडावर सांगितलं, तुझी चूक न्हाई, तर तिला खरंच वाटंना. म्हनून रोज दुसऱ्याला सांगायलो. खिडकीखाली.’’

आता सांगतोच. अक्कांच्या आधी तसाच फोन मला आला होता. मीही नंबर सांगून बसलो होतो. बँकेत अक्का मान खाली घालून उभ्या होत्या, तेव्हा मी शेजारी जाणत्या माणसाचा चेहरा करून उभा राहिलो, तोंड उघडलं नाही. घरच्यांनाही हे वाचूनच कळेल.

पलीकडं आप्पांचा आवाज चढला की मी वर्तमानपत्र घेऊन कुंपणाच्या भिंतीला खुर्ची लावायचो. ‘‘एवढ्या उन्हात काय करायलात?’’ बायको आतून विचारायची.

‘‘वाचतोय,’’ म्हणायचो.